ओले स्कोग्लंडच्या घराची पाटी

९ एप्रिल, शनिवार
धान्याच्या ट्रकनं आमची पाटी पाडली! हायवेच्या वळणावरची. खांब मोडला, ओतीव धातूच्या पाटीचे दोन तुकडे. 'ओले स्कोग्लंड यांनी १८७९ साली येथे या काउंटीतलं पहिलं घर बांधलं.' ओले म्हणजे आमचे पणजोबा. खरं सांगायचं तर तिथे थांबणारे निम्मे लोक लघवीला थांबतात. तरी जीव हळहळला.

१२ एप्रिल
इतिहास मंडळाची बैठक. सभासद अकरा, आले चार — केक मात्र अकरा जणांचा संपला. अध्यक्ष क्लिफर्ड रूड म्हणाला, तोच मजकूर परत ओतून घेऊ. पण नवी पाटी राज्याचं कार्यालय देणार, आणि त्यांना प्रत्येक शब्दाला कागद हवा. फोनवरच्या बाईंनी आधी 'पहिलं' या शब्दालाच हात घातला. त्याआधी इथे डकोटा आदिवासी राहत नव्हते का, म्हणाल्या. मला राग आला. शेवटी 'पहिलं नोंदलेलं घर' यावर मिटलं.
पणजोबांनी या जमिनीवर लावलेल्या दाव्याचे कागद सरकारी दप्तरातून मागवले. मीच सेक्रेटरी, दुसरं कोण करणार?

१६ एप्रिल
वृद्धाश्रमात ओरिनकडे गेले. माझा भाऊ, सत्त्याऐंशी पूर्ण. पन्नास वर्षं पणजोबांची जमीन त्यानंच कसली. आता त्याला एकच हवंय — डोळे मिटायच्या आत पाटी उभी राहिलेली पाहायची. तीनदा विचारलं कधी होणार म्हणून. चौथ्यांदा नर्सनंच उत्तर दिलं.

३ मे
कागद आले.
त्या काळी सरकारच्या फुकट जमिनीवर दावा लावून पाच वर्षं तिथे राहायचं, मग दोन शेजारी घेऊन कचेरीत जायचं आणि ठरलेल्या प्रश्नांना शपथेवर उत्तरं द्यायची. तेव्हाच जमीन नावावर. पणजोबांचीही तशी उत्तरं आहेत. प्रश्न: घर केव्हा बांधलं? उत्तर: 'मी बांधलं नाही. मी १८८१ साली आलो तेव्हा घर होतं. मातीच्या ढेपांचं, एक दार, एक खिडकी. ते गुनहिल्ड मोएन हिनं दोन वर्षं आधी बांधलेलं. तिनं हक्क सोडला, मग मी दावा लावला.'
चारदा वाचलं. म्हणजे पणजोबा शपथेवर खोटं बोलले नाहीत. खोटं आम्हीच नंतर बोललो, आणि धातूत ओतून घेतलं.
ही गुनहिल्ड कोण? घरात हे नाव कधी ऐकलं नाही. अविवाहित, वय तेवीस, एवढंच लिहिलंय. त्या माळरानाच्या वाऱ्यात, एकटी!

४ मे
हे कागद अजून दुसऱ्या कोणी पाहिलेले नाहीत. शपथेचं पान मागे ठेवून बाकीचे पाठवले तर? हा विचार आला. लाज वाटली, पण आला.

८ मे, रविवार
जेवणानंतर ओरिनला सांगितलं. त्यानं हातातला कॉफीचा कप खाली ठेवला.
"म्हणजे पणजोबांना पुसून टाकायचं."
"पुसतंय कोण? घर तिनं बांधलं, असं ते स्वतःच सांगतायत."
"तुला लहानपणापासून खपल्या काढायची खोड आहे, व्हर्ने."
त्याची कॉफी निवली. मग म्हणाला, "बरं. घाल तिचं नाव. पण खाली एक वाक्य माझं हवं — तिनं जमीन राजीखुशीनं ओलेला दिली. नाहीतर लोक भलतेसलते तर्क काढतील."
मी लगेच हो म्हटलं. मनावरचं ओझं उतरलं. घरी येऊन चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

९ मे
कार्यालयातल्या बाई म्हणतात, ओरिनच्या त्या वाक्यालाही कागद लागेल. गुनहिल्डची वेगळी फाइल असणार. मागवली. क्लिफर्डनं चार जुलैला पाटीच्या अनावरणाच्या कार्यक्रमाला बँड ठरवूनही टाकला. उतावळा!

२९ मे
ओरिनचा दोनदा फोन. कार्यक्रमासाठी कोट घालून पाहिला, खांद्यात सैल होतो म्हणे. नर्सना गुनहिल्डची गोष्ट सांगत असतो. 'आपली गुनहिल्ड' म्हणतो आता! ती कशी दिसत असेल, कुठे गेली असेल, यावर अर्धा तास बोललो. लग्न करून पश्चिमेला गेली असणार, असं त्यानं ठरवूनच टाकलंय. फार दिवसांनी इतका खुशीत होता.

१४ जून
फाइल आली. वर तिचा १८७९चा अर्ज. खाली सही — पूर्ण नाव, वळणदार, शाईचा एक डाग नाही. त्यामागे १८८१चं हक्कसोडपत्र. त्यावर तिचं नाव कारकुनानं लिहिलंय आणि सहीच्या जागी नुसती फुली. बाजूला शेरा: 'हिला लिहिता येत नाही.' साक्षीदार एकच, ओले स्कोग्लंड.
राजीखुशीचं वाक्य मी खोडलं. ओरिनला सांगायचंय. जमीन अजून आमच्याच नावावर आहे.