पत्रिकेतलं नाव

९ नोव्हेंबर, रविवार

शिलाई मशीन! फुकट! दहा जणांना पाठवा म्हणे, मशीन घरपोच! उमामावशीनं सकाळी सकाळी हा मेसेज ‘गोतावळा’वर टाकला. ग्रुपची अ‍ॅडमिन मी. मुदखेडपासून लातूरपर्यंतचे सगळे पाहुणे त्यात आहेत. मी अंघोळ करून येईपर्यंत निम्म्यांनी तो पुढे पाठवूनही टाकला — चांगले शिकले-सवरलेले लोक! मी मेसेज काढून टाकला आणि मावशीला फोन लावला.

“अगं चंदा, न्हाई मिळाली मशीन तर न्हाई. धाडायला काय पैसे पडतेत का?”

पैसे पडत नाहीत, पण लिंक दाबली की आपली माहिती चोराच्या हातात जाते, हे सांगता सांगता घसा बसला. जन्मभर वर्गात ओरडून बसला नव्हता!

“तू रिटायर झालीस तरी शाळाच भरवून राहिलीस,” म्हणाली, आणि ठेवला फोन.

भरवणारच. लुबाडले गेल्यावर रडायला माझ्याकडेच येतात सगळे.

११ नोव्हेंबर

शेवटी ग्रुपवर नियम लिहून टाकले. अनोळखी लिंक दाबायची नाही. ओटीपी नवऱ्यालासुद्धा सांगायचा नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नसतात. ओळखीच्या नंबरवरून काही विचित्र आलं तर आधी फोन करून त्याच माणसानं पाठवलंय का ते विचारायचं. आणि सध्या लग्नसराई आहे म्हणून मुद्दाम — लग्नपत्रिका म्हणजे फोटो नाहीतर पीडीएफ. फाइलच्या नावामागे ‘एपीके’ असं शेपूट दिसलं की ती पत्रिका नाही, चोर आहे. हात लावायचा नाही!

सगळ्यांनी हात जोडलेले पाठवले. वाचलं कुणी नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मावशीचा फोन. “राघूच्या शिवांगीचं जमलं म्हणं. मार्गशीर्षातच उरकायलेत. तुला ठाऊक हाय न्हवं?”

“हो तर,” म्हणाले. ठाऊक कुठलं!

माझा सख्खा भाऊ. लातूर काय सातासमुद्रापार आहे? बारशाला शिवांगीच्या कानात नाव मी सांगितलं. आत्या म्हणून! आणि तिचं लग्न मला मुदखेडच्या मावशीकडून कळतं.

आईच्या तेराव्याला मी एवढंच म्हणाले होते की गोडात शेंगापोळी कर, आईला आवडायची. त्यावर भरल्या घरात, आचाऱ्यासमोर म्हणाला, “दिल्या घरची तू. पाहुण्यावानी ये, पाहुण्यावानी जेव अन् जा.” मी जेवले नाही. तशीच नांदेडची गाडी धरली. त्याच संध्याकाळी तो ग्रुपमधून बाहेर पडला. त्यानंतर ना त्याचा फोन, ना माझा. बोलला तो, तेव्हा आधी फोनही त्यानंच करायचा. यात चुकीचं काय आहे?

१५ नोव्हेंबर

फोन नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

हे म्हणतात, “तूच कर की फोन. मोठी आहेस.” मोठी आहे म्हणूनच करणार नाही! लग्नाचं आवतण बहिणीनं मागून घ्यायचं असतं का? भावानं यायचं. सोबत वहिनी. हळद-कुंकू, अक्षता, हातात पत्रिका. आबांनी त्यांच्या बहिणीला, लोह्याच्या आत्याला असंच बोलावलं होतं, आणि तीही आबांशी वर्षभर बोलत नव्हती.

मावशी म्हणाली, पत्रिका छापून आल्यात. म्हणजे नावं ठरली. पत्रिकेत खाली आत्या, काका, मामा, सगळ्यांची नावं असतात. एक नाव सुटलं तर पिढ्यान्‌पिढ्या तोंड बघत नाहीत लोक. विचारणार होते माझं आहे का. नाही विचारलं. मावशीपुढे कोण लाचार होणार!

२२ नोव्हेंबर, शनिवार

आली. मोबाइलवर!

दुपारी चहा गाळत होते. राघूचं नाव स्क्रीनवर. इतक्या दिवसांनी. हातातली गाळणी तशीच ओट्यावर ठेवली. पाहते तर — “सस्नेह निमंत्रण. सहकुटुंब नक्की यायचं.” आणि खाली फाइल. बस्स. ना ताई, ना कशी आहेस. गल्लीतल्या किराणावाल्याला पाठवावी तशी आत्याला पत्रिका!

यांना दाखवली. म्हणाले, “पाठवली तर खरी.” पाठवली तर खरी म्हणे! मी उघडणार नाही. जाणारही नाही. काय समजतो स्वतःला!

२३ नोव्हेंबर, रविवार

उघडली.

जायचं नव्हतंच. फक्त नाव बघायचं होतं. एवढंच. हे आत झोपले होते. फाइल दाबली तर काहीतरी विचारू लागली — परवानगी द्या. दिली. पुन्हा परवानगी. दिली. नाव दिसेना म्हणून जे विचारलं त्याला हो म्हणत गेले. पत्रिका उघडलीच नाही. फोन तापला आणि गप्प झाला.

मग यांच्या फोनवर फोन सुरू झाले. “बाईंच्या घरी कुणाचं लग्न?” “देविकाचं जमवलंत, कळवलं नाही!” माझ्या नंबरवरून सगळ्यांना पत्रिका गेली होती. माझ्या जुन्या हेडमास्तरांना. दूधवाल्याला. ‘गोतावळा’वर तर माझ्याच नियमांच्या खाली!

देविकाला हैदराबादला फोन लावला. लेक ओरडलीच. “आई, आधी इंटरनेट बंद कर, सिम काढ. बाबांच्या फोनवरून बँकेला सांग, खातं थांबवा. मग सायबर पोलिसांच्या एकोणीसशे तीस नंबरला तक्रार कर. अन् आई — तू? तू कशी उघडलीस?”

मी आधी सिम काढलं.

२४ नोव्हेंबर

खातं वेळेवर थांबलं. तक्रार दिली. आता शांत राहा, म्हणतात हे. कशी राहू?

घरफोडी करणारा कुलूप तरी तोडतो. या मेल्यांनी आमचं आवतणच चोरलं! मराठवाड्यातला माणूस दारी आलेल्या पत्रिकेला नाही म्हणत नाही, वैऱ्याची असली तरी उघडून बघतो. नेमकं तेच हेरलं यांनी. दिवसा कुठल्या तरी खोलीत बसून आमची नाती चाचपतात. हात झडोत त्यांचे!

शेपूट दिसत होतं मला. एपीके. मीच लिहिलेला नियम. फोन करून विचारा, हेही मीच लिहिलं होतं. पण त्याला फोन कसा करणार होते मी?

आणि सगळ्यांत वाईट ते आत्ता लक्षात आलं. ती पत्रिका चोरांची होती. म्हणजे राघूनं पाठवलीच नव्हती. म्हणजे बोलावलंच नाही.

जेवण गेलं नाही आज.

२६ नोव्हेंबर, बुधवार

फोन दुकानातून धुऊनपुसून आला. ग्रुपवर सरळ लिहिलं — मी फसले, ती फाइल कुणी उघडू नका. वाटलं होतं, मावशी आता उट्टं काढणार. तिचाच फोन आला.

“मी न्हाई उघडली बघ. तुझं नाव व्हतं तरी शेपूट पाह्यलं. तूच तर सांगितलंतीस. रडू नको आता.”

मी रडत नव्हते. तिनं म्हटल्यावर आलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी पोहे टाकले आणि फोन वाजला. राघू. उचलला नाही. दुधानं तोंड पोळलंय, ताक फुंकून पिणारच. पुन्हा वाजला. उचलला आणि आधीच दटावलं, “खरा राघू असशील तर सांग, शिवांगीचं नाव कुणी ठेवलं?”

मग म्हणाला, “तू. अन् कानात कुर्रर्र एवढ्या जोरात केलीस की पोरगी निळी पडूस्तर रडली.”

खरा होता.

त्याचाही फोन असाच लुटला होता. “लग्नाचं घर. रोज कुणाची ना कुणाची पत्रिका येतीच. एक उघडली अन् झालं.” मग अडखळला. “ताई, त्यानंतर तुझ्या नंबरवरनं बी मला तीच आली.”

“मग? तुला हसायला फोन केलास?”

“न्हाई. शिवांगी म्हणली, जो उघडतो त्याच्याच फोनवरनं ती पुढं जाती. म्हणली, बाबा, म्हणजे आत्यानं तुमची पत्रिका उघडली.” मग हळूच म्हणाला, “मला वाटायचं, माझं नाव दिसलं की तू पुसून टाकत असशील.”

पोहे करपले. “नंबर तरी कुठं पुसला होता मी!” असं ओरडलेच त्याच्यावर. तो म्हणाला, रविवारी येतो.

चोरांचे उपकार मात्र मी मानणार नाही. तक्रार मागे घेणार नाही!

३० नोव्हेंबर, रविवार

राघू आला. वहिनी, शिवांगी. हळद-कुंकू, अक्षता. मी शेंगापोळी केली होती. त्यानं दोन खाल्ल्या, तिसरी मागून घेतली.

पत्रिका हातात दिली. छापताना माझं नाव घातलं नव्हतं, हे त्यानं स्वतःच सांगितलं, मान खाली घालून. पण नाव होतं — पेनानं, त्याच्या तिरक्या अक्षरात, सगळ्या काकांच्याही वर. फक्त माझ्यापुरतं केलं असेल म्हणून पिशवीतल्या बाकीच्या पत्रिका काढून पाहिल्या. प्रत्येकीवर लिहिलेलं होतं.

बोटाला निळी शाई तशीच होती त्याच्या. दोनदा साबण लावला, जाईना, म्हणाला.