भावाचा संप, आमची केळी

१० फेब्रु., मंगळ.
बंदरातला संप मिटेना. आपले केळीचे कंटेनर गेटबाहेर रांगेत. पॅकहाऊसच्या मालकांनी कळवलं, नवा माल भरायचा नाही. देखरेख माझ्याकडं, म्हणून बायकांना घरी जा सांगायचं कामही माझंच. सांगितलं. फण्या धुणारी रेवलीबाई, सातपुड्यातून येते, हात पुसत म्हणाली, "बाई, उद्या येऊ ना?" मी नुसती मान हलवली. हो की नाही, मलाच कळलं नाही.

११, बुध.
आमच्या बागेतले घडही कापणीला आलेत. यांनी व्यापाऱ्यांना फोन लावले, सगळीकडून नकार. पिवळी पडली की परदेशी कोण घेणार? गावच्या बाजारात तर ढीग लागलेत. जेवताना हे म्हणाले, "तुन्हा भाऊबी संपमाच शे ना?"
आहे. निलेश त्याच बंदरात क्रेन चालवतो. मी वाढत राहिले.

१३, शुक्र.
इथं सगळं सडतंय, म्हणून निलेशला फोन केला. "कामवर जाय रे भाऊ. आठे आम्हनं बठ्ठं सडी ऱ्हायनं."
तो म्हणाला, "अक्का, मन्हाजोडेना माणूस कंटेनरखाले दबाईसन मरी गया. त्यानी बायकोले कोनी इचारं नहीं. आम्ही त्यान्हाकरताच संपवर शेतस."
मला माहीतच नव्हतं. म्हटलं, आधी का नाही सांगितलंस?
"तुले घोर लागी, म्हनीसन."
तरी माझ्या तोंडून गेलं, "मरेल माणूस वापस ई का?"
मेलेला काय परत येणार, असं बोलून गेले. त्यानं फोन ठेवला.

१५, रवि.
रेवलीबाई शहाद्याच्या स्टँडवर. गाठोडं, कोयता, सोबत लेक. गुजरातेत ऊसतोडीला निघाली. पोरीची दहावीची परीक्षा तोंडावर! म्हटलं, हिला माझ्याकडं ठेव. "हिचा बाप खाटेवर, बाई. मोळ्या बांधायला कोण?" पोरगी माझ्याकडं बघेचना. गाडी आली, चढल्या.

१७, मंगळ.
घड उतरवून बांधावर टाकले. गुरं खाताहेत. दुपारी हे कुऱ्हाड घेऊन उभी झाडं तोडत सुटले, कोवळीसुद्धा. मी हात धरला तर ढकललं. मग चिखलात बसून राहिले. आजवर असं कधी केलं नव्हतं त्यांनी.

१९, गुरु.
निलेशचा फोन. कंपनी म्हणते, उद्या सकाळी क्रेनवर चढतील त्यांचीच नोकरी राहील. क्रेनवाले चढले की संप मोडला. आवाज पार बसलेला. "अक्का, तू सांग. तू सांगशी तसं करसू."
मागे घोषणा चालू होत्या. मेलेल्याची बायको तिथंच बसलीय म्हणाला, पोराला मांडीवर घेऊन.
हे दारात उभे. ऐकलंय त्यांनी. "सांग ना त्याले, जाय म्हन."
हेच तर मी मागत होते. "थोड्या वेळानं सांगते" म्हणून फोन ठेवला.
परत वाजतोय. निलेशच.