पाठमोऱ्या मुलीची आई

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, धंदा चित्रे काढणे, त्याआधी बाहुल्यांचे डोळे रंगवणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात वजा करत जायला सांगितले, ते जमले नाही. वजाबाकी मला पूर्वीही येत नव्हती, तेव्हा ती बुद्धी गेल्याची खूण धरू नये. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणण्याइतके जवळचे आता फारसे कोणी उरलेलेही नाही. याआधी केलेली मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर, वरच्या चित्रांच्या खोलीसह, माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावे. बँकेत आहे तेही तिचेच. तिने घर विकले तरी चालेल. या घरात तिचा जीव कधी रमला नाही, त्याचे कारण चौथ्या कलमात आहे.

२. बॅटरीच्या दुकानावरच्या ज्या जुन्या दोन खोल्यांत आमचे सगळे कुटुंब राहत होते, त्या मी पुढे विकत घेतल्या. त्या माझ्या धाकट्या दिराने हयात असेपर्यंत वापराव्यात, नंतर त्या मुलीकडे जाव्यात. त्याला त्या विकता येणार नाहीत, कारण विकण्याची त्याला जुनी खोड आहे. मी कारखान्यातून बाहुल्यांच्या खोक्यांची झाकणे आणि डब्यांच्या तळाचा रंग घरी आणत असे आणि संध्याकाळी जिन्याजवळच्या खिडकीत बसून चित्रे काढत असे. एके दिवशी मी कामावर असताना या गृहस्थाने ती सगळी झाकणे रद्दीवाल्याला घातली आणि सिनेमा पाहून आला. विचारले तर म्हणाला, "वहिनी, पुठ्ठाच होता ना?" आज तोच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो की वहिनीच्या हातातली कला पहिल्यांदा मीच ओळखली. सांगू दे. माझे पती गेले तेव्हा त्याच्या पगारावर घर तगले, हेही तितकेच खरे आहे.

३. मला शोधून काढले असे गॅलरीचे मालक छापतात. मला शोधले ते फ्रेमवाल्याने. झाकणे रद्दीत गेल्यावर मी त्यांच्या दुकानात हार्डबोर्डचे टाकाऊ तुकडे मागायला जाऊ लागले. एकदा त्यांनी विचारले, "बाई, एवढे तुकडे नेता, जाळता की काय?"

"चित्रं काढते."

"मग आणा की एखादं. बघू तरी."

मी नेले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले, फ्रेम केली आणि दुकानाच्या काचेत लावली. तिथे ते एका परदेशी बाईंनी घेतले, तिथून गॅलरीच्या मालकांपर्यंत वास गेला आणि मग मी विमानात बसले. मालकांनी माझे नाव देशोदेशी नेले, त्याबद्दल मी आभारी आहे. पण माझे पुढचे दोन दात पडलेले होते. पहिले चित्र विकले गेले तेव्हा मी म्हटले, दात बसवून घेते. ते म्हणाले, "घाई कशाला? फोटोत असंच बरं दिसतं." माझी गरिबी त्यांना फ्रेमसकट हवी होती. कितीतरी वर्षे मी तोंडावर हात धरून हसले. तो बोळका फोटो माझ्यामागे कुठेही छापू नये. फ्रेमवाल्यांना मी काही ठेवलेले नाही. साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकीलबाई म्हणतात. त्यांना हे सांगितले तर म्हणाले, "मग सहीच करतो. नाहीतरी तुमच्या चित्रावर सही करायची राहूनच गेली."

४. परदेशातल्या संग्रहालयात माझे एक मोठे चित्र आहे. एक बाई जमिनीवर बसून मुलीला भरवते आहे, मुलगी पाठमोरी आहे. खालच्या पाटीवर 'चित्रकर्ती आणि तिची मुलगी' असे लिहिले आहे. ती पाटी बदलून घ्यावी. मुलगी माझी आहे. बाई मी नाही, माझ्या जाऊबाई आहेत.

हे मी तेव्हाच सांगितले होते. पण त्यांच्या भाषेत जाऊ नाही. दुभाष्याने विचारले, "म्हणजे नवऱ्याच्या भावाची बायको?" मी हो म्हटले. त्याने ते सांगताच लोक हसले, एवढे लांबचे नाते मुलीला भरवते आहे याचे त्यांना नवल वाटले असावे. मग कोणीतरी सोयीचे ते लिहून टाकले.

जाऊबाईंचे यजमान, म्हणजे माझे थोरले दीर, जहाजावर नोकरीला गेले ते गेलेच. जाऊबाईंना मूल नव्हते. माझी मुलगी तीन वर्षांची असताना माझे पती वारले. दिवसभर मी बाहुल्यांची बुबुळे काढायची आणि घरी आले की जाऊबाई म्हणायच्या, "तू बस खिडकीत. मी बघते हिच्याकडे." त्यांना मूल हवे होते, मला वेळ हवा होता. सौदा कोणी तोंडाने केला नाही. मुलगी त्यांच्या पुढ्यात असायची आणि मी मागून दोघींना काढायची. माझ्या चित्रांतली मुलगी नेहमी पाठमोरी का, यावर विद्वानांनी बरेच लिहिले आहे. ती जाऊबाईंकडे तोंड करून बसलेली असायची, एवढेच त्याचे कारण.

ती त्यांना आई म्हणू लागली. मला दीर ज्या नावाने हाक मारायचा तीच तिने उचलली, वहिनी. सुरुवातीला आम्ही तिघे त्यावर हसलो.

हे घर घेतले तेव्हा ती अकरा वर्षांची होती. मी जाऊबाईंना म्हटले, "ताई, तुम्हीही चला."

"नको गं. एका म्यानात दोन तलवारी कशा राहतील? तुझं घर झालंय, आता तू हो तिची आई."

मुलीची पिशवी त्यांनीच भरली. मुलीने विचारले, "आणि तू?"

"मी येईन की."

"कधी?"

जाऊबाई पिशवीचा बंद बांधत राहिल्या.

मुलगी आली. तिने हट्ट केला नाही, रडली नाही. सकाळी अंथरुणाची घडी घालून कोपऱ्यात ठेवायची, जणू परत न्यायची आहे. एके दुपारी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "वहिनी, पाणी घेऊ का?" मी रंग कालवत होते. तो हात तसाच राहिला. स्वतःच्या घरात विचारून पाणी पिणारे मूल मला सोसले नाही. त्याच संध्याकाळी मी तिला परत नेऊन सोडले. जाऊबाईंनी दार उघडले आणि जेवणाचे आणखी एक ताट मांडले. मी बसले नाही. पुढच्या महिन्यात माझे प्रदर्शन होते. मी गेले, ते गाजले.

दोन वर्षांपूर्वी मुलीचा फोन आला, "वहिनी, आई गेली." मी पोचले. तिला जवळ घेतले, पण दुसऱ्याच्या लेकराचे सांत्वन करावे तसे. माझीही ताई गेली होती, पण तिच्या रडण्यापुढे मला माझे रडू काढता आले नाही.

५. माझे ब्रश टाकून द्यावेत. संग्रहालयवाले मागायला येतील. त्यांना चहा द्यावा, ब्रश देऊ नयेत.

६. गेल्या महिन्यात मी मुलीला म्हटले, एकदा माझ्यासमोर बस. ती रजा काढून आली. माझा हात आता थरथरतो, त्यामुळे वेळ लागला. ती मधूनमधून फोन पाहत होती, पण उठली नाही. चित्र झाल्यावर जवळ येऊन बराच वेळ बघत राहिली.

"वहिनी, ही तर आई आहे."

मी चष्मा पुसून पाहिले. ओठ मुडपून ठेवायची तीच तऱ्हा, मान किंचित कलती, काही न मागणारी तीच नजर. मी जाऊबाई आठवून काढल्या नव्हत्या. समोर जे बसले होते तेच काढले होते. रक्ताने जे दिले ते माझ्या हाताला कुठे सापडलेच नाही.

"आवडलं का?" मी विचारले.

"खूप."

इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल तिने मला सांगितलेले हे पहिले मत. हे चित्र तिचे. ते कोणत्याही प्रदर्शनाला देऊ नये, तिने देते म्हटले तर गोष्ट वेगळी. चित्राला मी नाव दिलेले नाही. ते तिने द्यावे. ती देईल ते मला मान्य आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणेच आहे.

ठिकाण: राहते घर, वरची खोली
दिनांक: १६ फेब्रुवारी २०२६

लिहून ठेवणारीची सही (हात थरथरल्याने वेडीवाकडी, पण माझीच)

आम्हां दोघांसमोर बाईंनी सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली:

१. फ्रेमवाले (सही)
२. डॉक्टर (सही)