माझा आवाज, जेटीचा फोटो

मंगळवार, संध्याकाळ

माझा आवाज गावभर फिरतोय. पडद्यावर जेटीचा एकच फोटो आणि मागे मी बोलतोय, "सिमेंटात खाडीची खारी वाळू घातली, मी डोळ्यांनी बघितली." पंचायतीत सरपंचांनी माझ्या टेबलाशी येऊन मोबाइल पुढे धरला. "पाटील, हा आवाज तुमचा ना?" म्हटलं, माझ्यासारखा आवाज कुणाचाही असेल. ते हसले नाहीत.

रेकॉर्ड केलं कुणी? घराबाहेरच्या माणसांत हे मी फक्त मोहनपाशी बोललो, रविवारी पडवीत बसून. लहानपणचा मित्र, पण कुणाचा भरवसा धरायचा? दुपारी त्याचा फोन आला, घेतलाच नाही.

घरी येऊन व्हिडिओ परत ऐकला. मध्येच कुकरची शिट्टी, माझ्या आवाजापेक्षा मोठी. पुन्हा ऐकला. पडवीत शिट्टी एवढी मोठी ऐकू येईल? मोबाइल कुकरशेजारीच असणार. म्हणजे स्वयंपाकघरात.

बायको कोलंबी सोलत होती. विचारलं, तर मान वर न करता म्हणाली, "व्हय, मीच. नुसता आवाज यूट्यूबवर चढत न्हाय, म्हणून फोटो लावून व्हिडिओ केला."

"माझी नोकरी जाईल, कळतंय का?"

"दोन वर्सं तुमी हे घरातच बोलताय. माझा भाऊ रोज त्याच जेटीला होडी लावतो."

मोहनची माफी मागायला हवी. आणि उद्या सरपंच परत विचारतील. सकाळी मन फिरू नये म्हणून आत्ताच लिहून ठेवतो, आवाज माझाच आहे.