डोळ्यातलं फूल

चारठाणा

प्रिय माधवी,

फोनवर तू दोनदा विचारलंस, ताई, डोळा कसा आहे, आणि दोन्ही वेळा मी बरा आहे म्हणाले. आई शेजारीच होती. ती फोन स्पीकरवर लावायला लावते, म्हणून आज कागदावर लिहितेय. डोळा बरा नाही.

डाव्या डोळ्याने मला आता वेगळंच चारठाणा दिसतं. उजवा डोळा झाकून ओसरीत बसले की समोरचा कडुलिंब धुरासारखा विरत जातो, दोरीवरचं लुगडं पाण्याखाली हलावं तसं हलतं. माणसं आधी रंग होऊन येतात, मग आवाज होऊन. कधी कधी हे आवडतं, आणि आवडतं म्हणून स्वतःचा रागही येतो. बुबुळावर पांढरा डाग राहिलाय. 'फूल पडलंय माज्या लेकराच्या डोळ्यात,' असं आई इतकं हळू म्हणते की वाटावं, खरंच कुठल्या तरी झाडावरून अलगद पडलं असेल.

सुरुवात ज्वारीच्या खळ्यावर झाली. डोळ्यात कुसळ गेलं. 'एवढाले डोळे घेऊन फिरती, कुसळ दुसऱ्या कुनाकडं जाईल?' म्हणत आईने हौदातलं पाणी वाटीत घेतलं आणि माझा डोळा त्यात बुडवला, आपल्या लहानपणी बुडवायची तसा. पाण्यात डोळा उघडला की वाटीचा तळ आभाळासारखा लांब जायचा, तसाच गेला. गार वाटलं. दुसऱ्या दिवशी दुखायला लागलं, तिने पुन्हा बुडवला. दुखणं वाढेल तशी ती अधिकच मायेने बुडवत राहिली.

हा आजार लवकर ओळखू येत नाही. संभाजीनगरच्या डॉक्टरबाईंनी बुबुळ किंचित खरवडून तपासलं तेव्हा कळलं: अमीबा. मातीत, साठवलेल्या पाण्यात आपल्या आपण जगणारा, डोळ्यांना न दिसणारा जीव. बुबुळावर ओरखडा असला की आत शिरतो, औषध पडलं की कवच करून महिनोन्महिने झोपून राहतो. त्याच्यावर मला रागावता येत नाही. तो काही मला शोधत आला नव्हता.

डोळ्याला कुठलं पाणी लागलं, असं बाईंनी विचारलं तेव्हा आई बाहेर बाकावर माझी चप्पल सांभाळत बसली होती. मी म्हणाले, हौदाचं. बाहेर येऊन आईला सांगितलं, कुसळानं झालं. हे अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्याला काय म्हणावं, ते अजून मला ठरवता आलेलं नाही.

सोमवारी आई पूर्णेला तुझ्याकडे येतेय. तुझी सृष्टी लेन्स घालते आणि तिचे डोळे लाल होतात, हे आईने ऐकलंय. पितळी वाटी तिने पिशवीत भरलीसुद्धा. माधवी, सृष्टीचा डोळा त्या वाटीत जाऊ देऊ नकोस. लेन्सलाही पाणी लागू देऊ नकोस, नळाचं नाही, उकळलेलं नाही, फिल्टरचंही नाही. डॉक्टरांनी मना केलंय म्हण, काहीही म्हण, फक्त माझं नाव काढू नकोस. आपल्या हातून काय झालं हे आईला कळून माझा डोळा परत येणार नाही. तिचे हात मात्र रिकामे ठेवू नकोस. सृष्टीला केस मोकळे सोडून तिच्यापुढे बसव. तेल लावू दे, तिला हवा तितका वेळ.

तुझीच,
धम्माताई