दुपारी आईकडे पोचता येईल असं कॉलेज

सोम., ९ नोव्हें.
आईचं डायलिसिस. चार तास. बाहेरच्या बाकावर बसून इंजिनिअरिंग कॉलेजांची यादी केली. लोक नावाजलेल्यापासून सुरू करतात, मी घरापासून. हडपसरहून बसने किती वेळ, सोमवारी आणि गुरुवारी दुपारी दोनला दवाखान्यात पोचता येईल का, बस्स. शाखा कॉम्प्युटर. बाबा ज्या आयटी कंपनीच्या गेटवर वॉचमन आहेत, तिथे आत जाणारे सगळे तेच शिकलेले.

शनि., २१ नोव्हें.
मैत्रीण स्नेहलबरोबर वाघोलीचं कॉलेज बघून आले. दोन बस, सव्वा तास. शिपाई म्हणाला, "ॲडमिशन जूनमध्ये असतात, आत्ता इमारत बघून काय करणार?" बरं बाबा. यादीत चौथं.
स्नेहल रोज बारावीच्या वर्गाला जाऊन पिचते. मला तो ताप नाही. माझं नाव यवतमाळच्या ज्युनियर कॉलेजात, मी इथे पुण्यात. मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, तिथेच शिकवतात. अकरावीला तेच बाबांना म्हणाले, नाव इकडे टाक, हजेरीचं मी बघतो, प्रॅक्टिकलला मार्क चांगले पडतील. बाबा कां-कूं करत होते. मीच हट्ट केला. दिवसभर आईपाशी राहता येईल म्हणून.

सोम., ८ फेब्रु.
प्रॅक्टिकलसाठी यवतमाळ. माझ्या वर्गातल्या मुली मला ओळखत नाहीत, साहजिक आहे. आईबरोबर दवाखान्यात शेजारच्या इंदूताई गेल्या. फोनवर आईचा आवाज बसलेला. म्हणे काही नाही.

सोम., १४ जून
सीईटीचा निकाल. मार्क चांगले. यादीतली पहिली तीन नक्की, असं स्नेहल म्हणते. बाबांनी गेटवरच्या सगळ्यांना पेढे दिले. आई अर्धाच खाऊ शकली.

शनि., १९ जून
बुधवार पेठेत गेल्या वर्षीच्या कटऑफचं पुस्तक घ्यायला गेले. उभ्याउभ्या चाळत होते. दुकानदार म्हणाले, "बारावी कुठून?"
"यवतमाळ. पण राहते इथेच."
"राहता कुठे ते कोण विचारतंय? बारावी जिथून, ते तुमचं विद्यापीठ. पुण्याच्या जागा आधी पुण्याच्या मुलांना. तुम्ही मागचं पान बघा."
मागचं पान बघितलं. बाहेरच्यांसाठी मूठभर जागा, कटऑफ माझ्या कितीतरी वर. माझ्या यादीतलं एकही कॉलेज बसत नाही. यवतमाळचं मात्र अगदी आरामात मिळेल.
पुस्तक विकत घेतलं. कशाला, देव जाणे.

रवि., २० जून
बाबांना सांगितलं. त्यांनी मोठेबाबांना फोन लावला. ते म्हणाले, हे माझ्या ध्यानातच आलं नाही, पण पोरगी माझ्याकडे राहील, काळजी करू नको. काळजी तिची नाहीच आहे हो, बाबा म्हणाले आणि फोन ठेवला. मला रागावले असते तर बरं झालं असतं. आईपाशी राहायला मिळावं म्हणून केलं आणि तेच अंगाशी आलं. अक्कल कुठे गेली होती माझी?

गुरु., २४ जून
डायलिसिसमध्ये आईचं बीपी एकदम पडलं. हात गार. नर्सला हाक मारायला मी होते. मी नसते तर

सोम., २८ जून
नेटवर कॉलेजांचा फॉर्म भरायचाय, शुक्रवार शेवटचा. यवतमाळ लिहिलं तर तेच मिळणार आणि जावं लागणार. नाही लिहिलं तर इंजिनिअरिंग संपलं. मग हडपसरात बीएस्सी.
मशीनवर असताना आईने विचारलं, "तिकडचं लिवलं का?"
"लिहिलं."
"वाचून दाखव मले."
तिला हल्ली बारीक अक्षर दिसत नाही. फॉर्मसाठी कागदावर लिहून ठेवलेल्या यादीतली पुण्याची सात वाचली. मग आठवं यवतमाळचं वाचलं, कागदावर नसलेलं. आवाज नीट राहिला.
"जाय तू," आई म्हणाली. "इंदू येते न मह्यासोबत. मी काऊन तुले अडकवून ठेवू?"
मग कागद मागितला आणि घडी करून उशीखाली ठेवला. बाबांना दाखवते म्हणाली.
बाबा ड्यूटीवरून परस्पर इकडेच येतात, सहाला. त्यांना बारीक अक्षर दिसतं.