देवळापुढची कुदळ

कुळगाव, मंगळवार, १९५५

श्रमदानाने गटाराचं काम सुरू झालं म्हणे! सांडपाणी साचतं विहिरीपाशी, पण कुदळ मारली देवळापुढच्या उंचवट्यावर. का, तर तालुक्याहून आलेल्या साहेबांचे बूट चिखलात भरतील! हळदकुंकू लावलेली नवी कुदळ, एक घाव, फोटो, चहा. शिसारी आली.

शेजारची सखूबाई सरपंचांना म्हणाली, "अण्णा, पानी काय चढन चढून जानार हाय?" सगळे तिलाच हसले. तिची नात त्याच विहिरीच्या पाण्याने जुलाब होऊन पडलीय.

साहेब गेले, कुदळ अण्णांच्या घरी गेली. पुसून!

आणि मी, पंचायतीचा सभासद? साहेबांच्या डोक्यावर छत्री धरून उभा होतो. दिवसभर खणल्यासारखा हात दुखतोय.